लंगोट किती?

परवा हैदराबादहून पुतणीचा फोन आला. तिला सातवा महिना लागलाय. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग हळूच म्हणाली, "काका, एक विचारू? हसू नका हं. लंगोट किती घेऊन ठेवू?"

हसलो नाही. उलट मला जरा अप्रूपच वाटलं. २०२२ च्या आधी कुणी मला हे विचारलं असतं तर मी फोन सौ.च्या हातात देऊन पेपर उघडला असता. आता मात्र आमच्या घराण्यात या विषयातला जाणकार म्हणजे मी, अशी माझी ख्याती झालेली दिसते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं त्याचं कुणाला काही नाही!

पण आकडा मी तिला लगेच सांगितला नाही. म्हटलं, "आधी हे सांग, बाळ कोणत्या महिन्यात येणार? आणि तुमच्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" तिला वाटलं काका विषय बदलतायत. म्हणून आता हे सगळं सविस्तर.

२०२२ च्या जूनमध्ये आमची मुलगी पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला परभणीला आली. तारीख जुलैची. जावईबापूंनी संगणकावर तक्ताच करून पाठवला होता. दिवसाला आठ, तीन दिवसांचे चोवीस, म्हणून दोन डझन. विहीणबाई मानवतच्या. त्यांचा फोन आला, "बाळ घरात येईस्तोवर नवं काही आणू नका बघा. आणि पहिले दिवस तर जुन्याचंच घालायचं असतं." तिकडे कच्छी बाजारातला दुकानदार सांगत होता की काका, तीन डझनांच्या खाली कुणी नेतच नाही. (तो हे सांगणारच.) आणि सौ. म्हणाली, "मी बारांवर काढलं."

चार माणसं, चार आकडे. गणिताच्या मास्तराला यापेक्षा काय हवं? मी वही घेऊन बसलो.

वही घेतल्यावर कळलं की जावयांच्या तक्त्यात दोन गोष्टी नाहीत. एक पाणी आणि दुसरी ऊन. पुण्यात त्यांच्या सोसायटीत नळ कधीही सोडा, पाणी येतं. आमच्याकडे नळ म्हणजे सणच. येलदरीचं पाणी आठ-दहा दिवसांनी कधीतरी गल्लीत उतरतं. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. त्या दिवशी हौद, टाकी, ड्रम, पातेली, अगदी कढया सुद्धा भरून ठेवायच्या. मधल्या दिवसांत बोअर. बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, आणि त्यात धुतलेलं कापड वाळलं की पापडासारखं कडक होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. तो उन्हाळा ज्यांनी मराठवाड्यात काढला, त्यांना एक बादली म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एका धुण्याला किती बादल्या, हे आधी ठरवायचं आणि मग लंगोट मोजायचे. आमच्या गावात हिशोब असा उलटा सुरू होतो.

आणि दुसरं म्हणजे ऊन. एप्रिल-मे असता तर परभणीचं ऊन असं की दोरीच्या एका टोकाला लंगोट टाकून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिला वाळतो. (बरं, थोडी अतिशयोक्ती आहे.) मे महिन्यात बाराच काय, दहातही भागेल. पण आमचं बाळ येणार भर जुलैत. त्यात कापूस दोन-दोन दिवस वाळत नाही.

हे सगळं मी मांडत होतो खरा, पण तिसरी गोष्ट माझ्याही वहीत नव्हती. धुणार कोण?

जूनच्या शेवटी सौ. न्हाणीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. धुण्याला येणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या स्पष्ट म्हणाल्या, "काका, कपडे धुते. बाळाचं हागमूत नाही धुणार." मला राग आला नाही. त्यांचं बरोबरच होतं, ठरलेल्या पैशात ते बसत नव्हतं. मुलगी म्हणाली, "मग बाबा, सरळ डायपरच वापरू." त्यावर मी, कुठून शक्ती आली कोण जाणे, म्हणालो, "मी धुतो."

घरात एकदम शांतता. मग सौ. हसायला लागली. हसता हसता थांबली. मी तिला विचारलं, "अगं, पण तू बारांवर कसं काढलंस? ही तर डिसेंबरातली. थंडीत कुठे वाळायचे?"

ती म्हणाली, "नव्हतेच वाळत. पहाटे चारला उठून धुवायचे आणि ओले तव्यावर शेकायचे. तुम्ही झोपलेले असायचात." थोडं थांबून म्हणाली, "एकतीस वर्षांनी विचारताय."

आवाजात तक्रार नव्हती. म्हणजे असती तर बरं झालं असतं. आमची ही मुलगी १९९१ ची. त्या वेळी मी दोन शिकवण्या घ्यायचो, घरी आलो की धुतलेली, गुंडाळलेली, पावडर लावलेली मुलगी मांडीवर मिळायची. लंगोट कुठून येतात आणि कुठे जातात हा प्रश्न मला पडलाच नव्हता. बारा पुरले होते, कारण तेराव्याच्या जागी तिची झोप होती. असो.

तर ठरलं. विहीणबाईंचाही मान राहावा म्हणून नवं काही आणायचं नाही. ट्रंकेतून अण्णांची दोन धोतरं निघाली, आईचं एक नऊवारी लुगडं, सौ.ची चार सुती पातळं. मुलीची समजूत अशी की जुनं कापड म्हणजे काटकसर किंवा अंधश्रद्धा. पण खरी गंमत मला धुताना कळली. नव्या सुती कापडाला खळ असते, कापसाचं मूळचं तेलही थोडं असतं. पहिल्या काही धुण्यांत ते पाणी नीट पीतच नाही, थेंब वरून ओघळून जातो. धोतर मात्र वीस वर्षं धुऊन धुऊन टिपकागद झालेलं असतं. नवे आणलेच तर आधी चार-पाच वेळा धुवायला हवेत.

इथे कापसाबद्दल एक राहवत नाही म्हणून सांगतो. आपल्याकडचा देशी कापूस आखूड आणि जाड धाग्याचा. मोठ्या गिरण्यांना तो नको असायचा. पण पाणी शोषण्यात तो सरस, म्हणून दवाखान्यातला शस्त्रक्रियेचा कापूस करायला चांगला. आमच्याच कृषी विद्यापीठाच्या महेबूब बागेतल्या केंद्रात या देशी कापसावर काम चालत आलंय, 'परभणी तुराब' हे वाण तिथलंच. आणि गंमत बघा, कापसाच्या या जिल्ह्यात राहून मी नातवंडासाठी लंगोटाचं पाकीट शोधत होतो, त्यावर निम्मं पॉलिस्टर लिहिलेलं!

सौ. एका हातानं मापं सांगायची, मी कात्रीनं कापायचो, शेजारच्या वहिनींनी मशीनवर कडा दुमडून दिल्या. एकूण सदतीस झाले. अडतिसावा कापताना धोतर संपलं.

जुलैत बाळ झालं. मुलगी. वजन २ किलो ७०० ग्रॅम. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

दवाखान्यात तिला डायपर लावले होते. त्यात गैर काही नाही, रात्रीच्या वेळी सगळ्यांचीच सोय. तिसऱ्या दिवशी घरी आलो आणि आमचे लंगोट सुरू झाले. मी मोरीच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलं आणि प्रत्येक ओल्या लंगोटाला पेन्सिलीनं एक रेघ, शेजारी वेळ. धुण्याचा अंदाज यावा एवढाच हेतू होता. दिवसभरात किती येतात आणि सदतीस पुरतात का ते बघायचं होतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कॅलेंडरवर दोनच रेघा.

मी मनातून खूशच होतो की धुणं कमी आहे. बाळ पण गुणी. रडत नव्हती, नुसती झोपायची. सगळे म्हणत होते काय शांत पोर आहे. सौ.नं मात्र दुसरा लंगोट हातात घेऊन उजेडात धरला. मध्ये विटकरी रंगाचा डाग होता. तिनं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "अहो, रिक्षा बोलवा."

बालरोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, चोवीस तासांत शू किती वेळा? मुलगी आणि जावई एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हणालो, "दोनदा. साडेअकराला आणि चार दहाला. दुसऱ्यात विटकरी डाग." डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत, बाळाला काट्यावर ठेवलं. २ किलो ३८० ग्रॅम. जवळपास बारा टक्के उतरलं होतं. पहिल्या दिवसांत सात-आठ टक्के उतरतंच, दहाच्या पुढे गेलं की काळजी. दूध पुरत नव्हतं. म्हणजे दूध होतं, पण तिला नीट धरताच येत नव्हतं, आणि उपाशी बाळ थकून झोपतं, त्यालाच आम्ही शांत म्हणत होतो. काविळीचाही अंश होता.

मग डॉक्टरांनी समजावलं ते असं. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं ढोबळ मानानं वाढत जायला हवं. पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत निदान सहा. आत गेलेलं दूध मोजता येत नाही, बाहेर आलेलं पाणी मोजता येतं. हिरव्या-काळ्या शीचा रंग बदलून पिवळी व्हायला हवी. विटकरी डाग पहिल्या एक-दोन दिवसांत चालतो, चौथ्या दिवशी नाही. डायपरमध्ये हे कळत नाही असं नाही, पण आमच्यासारख्या अडाण्यांना तो ओला आहे की कोरडा तेच कळत नव्हतं. पातळ धोतराला मात्र काही लपवता येत नाही.

एक रात्र दवाखान्यात राहावं लागलं. मग बाळाला कसं धरायचं ते तिथल्या सिस्टरनं शिकवलं. दर दोन तासांनी उठवून पाजणं, वर काढलेलं दूध वाटी-चमच्यानं. आणि मी आपला कॅलेंडरसमोर. पुढच्या दिवशी तीन रेघा. मग पाच. मग सहा. सातव्या दिवशी नऊ! त्या नवव्या लंगोटाला मी मोरीत उभा राहून चक्क हात जोडले. आयुष्यात कुठल्या पोराच्या गुणपत्रिकेकडे मी एवढ्या आशेनं बघितलं नव्हतं. सोळाव्या दिवशी वजन पुन्हा २ किलो ७०० झालं.

त्यानंतर मात्र त्या सदतिसांची खरी परीक्षा लागली. चांगलं पिणारं बाळ दिवसाला पंधरा ते अठरा लंगोट ओले करतं, जावयांचे आठ नव्हेत. पाऊस लागलेला. बैठकीच्या खोलीत तीन दोऱ्या, पंखा चोवीस तास, पाहुणे वाकून येत-जात. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर शेवटचे वाळवायचे, आणि तरीही दमट राहिले तर इस्त्री. धुण्याची रीत अशी बसली: शी आधी काढून टाकायची, बोअरच्या पाण्यात एकदा खळखळून, मग गरम पाणी आणि साध्या वडीचा साबण, दोनदा विसळणं, आणि शेवटचं विसळणं फक्त नळाच्या पाण्यात. ते शेवटचं पाणी फेकायचं नाही, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला. मऊ करणारं ते सुगंधी द्रव घालू नये, त्यानं कापड पाणी पीत नाही. कडक झाले तर दोन्ही हातांत धरून चोळायचे, तेच खरं मऊ होणं.

जावयांनी मला नंतर एक अहवाल पाठवला. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं २००८ मध्ये कापडी आणि फेकायचे लंगोट तोलून बघितले. अडीच वर्षांचा हिशोब केला तर दोघांचा बोजा जवळपास सारखाच निघाला, कारण तिकडे गरम पाण्याची मशीन आणि वाळवायलाही मशीन. पण दोरीवर वाळवले, मशीन भरून धुतले आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरले तर कापडाचा बोजा चाळीस टक्क्यांनी कमी. मी हे सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "धुणाऱ्याच्या कमरेचा बोजा धरलाय का त्यात?" नव्हता धरलेला.

रात्री आम्ही डायपर वापरले, हेही सांगून टाकतो. पहिला महिना सरल्यावर. मुलीला सलग तीन तास झोप मिळायला लागली आणि मलाही. त्यात काही पाप नाही. पण बाळ नीट पितंय, वजन चढतंय हे कळल्यावर.

तर पोरी, तुझा हिशोब असा. दिवसाला पंधरा धर. तुझी तारीख डिसेंबरची, हैदराबादला तेव्हा ऊन बरं असतं, सकाळचं धुणं संध्याकाळी घडी घालता येतं. पाणी तुमच्याकडे एक दिवसाआड येतं म्हणालीस. म्हणजे दोन दिवसांचे तीस, आणि चार-पाच वरकड. आणि हा आकडा धरण्याआधी तुमच्या घरात बसून ठरवा की धुणार कोण. जावईबापूंना समोर बसवूनच ठरवा. धुणारा एकटा असेल तर आकडा वाढवा, नाहीतर डायपरचं पाकीट आणा, पण बारांवर कुणी काढू नका.

विकत मात्र काही घेऊ नकोस. आमच्या सदतिसांतले चार विरले, ते पुसायला गेले. एक कुठे गेला कळलं नाही. एक सौ.नं काढून ठेवलाय, आईच्या लुगड्याच्या काठाचा आहे तो, त्याबद्दल मी काही विचारलं नाही. राहिलेले एकतीस परवा पुन्हा धुतले, उन्हात वाळवून जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवलेत. पुढच्या शनिवारी देवगिरीनं निघतोय. स्टेशनवर कुणाला तरी पाठव, आणि येताना एक कॅलेंडर नि पेन्सिल घरात आहे का बघून ठेव.