भुई का हलली?

आमच्या धंद्यात काही बंद पडलं की दोन प्रश्न विचारतात. मूळ कारण काय, आणि आजच का? दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा वेगळी असतात. प्रोग्राममधली गडबड तीन वर्षं दडून बसलेली असते. मग कुणीतरी नवखा पोरगा एक ओळ बदलतो, सगळं कोसळतं आणि शिव्या त्या पोराला बसतात.

कोयनेच्या भूकंपावरून आमच्या घरात नेमका हाच वाद आहे. आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी आजीचं घर पडलं. मामा तेव्हा वर्षाचा. त्याला उचलून ती अंगणात आली म्हणून दोघं वाचली. तिचा निकाल तेव्हापासून पक्का आहे, "पाणी साठवलं आन् भुई हलली." बाबा सिव्हिलवाले. ते म्हणतात, पाण्याने कुठे दगड सरकतो? जमिनीतच खोट होती, धरणाचा काय दोष? दर दिवाळीला हे होतंच.

मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत :)

भारताचा सगळा भूभाग वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतोय. त्या रेट्याचा ताण पार आतल्या खडकापर्यंत पोचतो. आणि आपला सह्याद्री वरून कितीही एकसंध दिसला तरी आत भेगा आहेत. (भूगोलाच्या पुस्तकातला 'प्रस्तरभंग' तो हाच.) कोयनेच्या भागात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झाली. तिथे वरचा काळा बेसॉल्ट साधारण एक किलोमीटरच आहे, खाली सगळा ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. भूकंप होतात ते त्या खडकातल्या भेगांवर.

भेगेच्या दोन्ही बाजूंना सरकायचं असतं, पण घर्षण सरकू देत नाही. मग खडक वाकतो. हो, खडकसुद्धा वाकतो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातला हूकचा नियम त्यालाही लागू आहे. वर्षानुवर्षं ताण साठत जातो आणि एके दिवशी घर्षण हरतं. भेग सर्रकन सरकते, वाकलेला खडक झटक्यात सरळ होतो आणि त्या झटक्याच्या लाटा म्हणजेच भूकंप. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपात कुंपणं आणि रस्ते मधोमध तुटून काही मीटर बाजूला गेले होते. त्यावरूनच हॅरी रीड यांनी १९१० मध्ये हे गणित मांडलं. कोयनेलाही भेगेच्या दोन बाजू अशाच आडव्या सरकल्या. तीव्रता होती सुमारे ६.३.

आता धरण. उंची १०३ मीटर. म्हणजे पाण्याचा तळावरचा दाब जास्तीत जास्त दहा वातावरणं. पाच किलोमीटर खाली खडकाचा स्वतःचा दाब तेराशे वातावरणांच्या घरात. एक टक्कासुद्धा नाही! एवढ्याने भूकंपाची ताकद 'तयार' होऊच शकत नाही. इथे बाबा जिंकतात.

पण पाणी नुसतं वरून दाबत नाही, ते भेगांतून झिरपतं. आत गेलेलं पाणी दोन्ही बाजूंना एकमेकींपासून ढकलतं, पकड सैल होते. जी भेग आधीच सरकायच्या बेतात आहे तिला तेवढं पुरतं. १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागल्यावरच तिथे धक्के जाणवू लागले, आणि आजही पावसाळ्यात पाणी चढलं की नंतर त्यांची संख्या वाढते. भेग कदाचित आणखी शेकडो वर्षं गप्प राहिली असती. मामाच्या पहिल्या वर्षीच ती का सरकली, याचं उत्तर आजीकडे आहे.

धरण पाडावं असं मी म्हणत नाहीये. महाराष्ट्राची वीज त्यावर आहे, आणि १९६७ नंतर ते मजबूतही केलंय. पण मूळ कारण दुसरं आहे म्हणून निमित्ताला जबाबदारी नाही, असं होत नाही. ती एक ओळ कुठे घालतोय हे बघायची जबाबदारी असतेच.

आणि या वादात तिसरा प्रश्न राहूनच जातो: नुकसान कशामुळे झालं? भेग सरकली, पण माणसं मेली ती भिंतींखाली. भेग आपल्या हातात नाही, भिंत आहे. मामा यंदा जुन्या दगडी भिंतींवर स्लॅब टाकायचा म्हणतोय. "इतक्या वर्षांत काय झालं का?" हा त्याचा युक्तिवाद. अरे, १९६७ नंतर पाचपेक्षा मोठे वीसेक धक्के त्याच टापूत झालेत! मी त्याला सांगितलंय, स्लॅब राहू दे. आधी भिंती नीट बांध, जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घाल. खर्चाचा अर्धा वाटा माझा.

तो अजून हो म्हणालेला नाही. आजीला मध्ये घातलंय.