हातशिल्लक

टेनिस हा खेळ आमच्या घरात शिरला तो खानावळीच्या दारातून. नाहीतर आमच्या सात पिढ्यांत कोणी रॅकेट हातात धरल्याचा पुरावा नाही. मिरजेत माझ्या आईची खानावळ आहे. पंचवीस-तीस मेंबर, शिवाय बाहेर जाणारे डबे. २०१९ सालच्या ऑगस्टमधील ती सकाळ मला स्पष्ट आठवते. आई कणीक तिंबत होती, मी शाळेचे दप्तर भरत होते आणि चहाला आलेले चार-पाच मेंबर एका मोबाईलवर डोकी घालून बसले होते. एकाएकी त्यांनी असा काही गलका केला की आईचा हात परातीतच थबकला.

"काय रे, रिझल्ट लागला की काय?"

"नाही काकू! सुमित नागलनं फेडररचा सेट घेतला!"

"मग परत दे म्हणावं त्याला," आई म्हणाली, "सकाळी सकाळी कुणाचं घेऊ नये."

मेंबरमंडळी पोट धरधरून हसली. आईचा सल्ला मात्र तंतोतंत पाळला गेला! पहिला सेट ६–४ असा जिंकलेला तो हरियाणातला बावीस वर्षांचा मुलगा पुढचे तीन सेट १–६, २–६, ४–६ असे हरला. पण वीस ग्रँड स्लॅम विजेतेपदे खिशात असलेल्या माणसाशी, न्यूयॉर्कच्या त्या अफाट स्टेडियममध्ये, ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेतला आपला पहिलाच एकेरी सामना खेळताना, जगात १९०व्या क्रमांकावर असलेल्या पोराने एक सेट घेतला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र होते. मला वाटले, संपले! याचे आता कल्याण झाले. बंगला, मोटार, जाहिराती; आणखी काय हवे असते माणसाला?

त्यानंतर मी त्याला विसरून गेले. मोठी माणसे होऊ घातलेल्यांना आपण जसे विसरतो तसे.

त्याची माझी पुन्हा गाठ पडली ती २०२३च्या सप्टेंबरमध्ये, महाविद्यालयाच्या वाचनालयात. मी नुकतीच प्रथम वर्षात आले होते. त्याच सुमारास घरी एक प्रसंग घडला होता, तो आधी सांगायला हवा. कारण तो सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

प्रवेशाच्या अर्जात एक रकाना असतो : 'पालकांचा व्यवसाय'. त्यात मी आईपुढे 'गृहिणी' असे लिहिले. कोणी विचारले नव्हते, कोणी हसले नव्हते, तरीही लिहिले. अर्ज आईच्या नजरेस पडला. ती काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचाच मला राग आला आणि मी नको ते बोलून गेले, "पहाटे चारला उठतेस, रात्री अकराला भांडी पालथी घालतेस, आणि महिनाअखेर तुझ्या हातात राहतं काय? कशाला चालवतेस हे?"

आईने उत्तर दिले नाही. कोनाड्यातली वही काढली आणि त्या दिवसाचा जमाखर्च लिहायला बसली. तिच्या वहीत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या ओळीत एकच शब्द असतो : 'हातशिल्लक'. त्यापुढचा आकडा वर्षानुवर्षे फारसा हललेला नाही.

अशा मनःस्थितीत मी वाचनालयात बसले असताना सुमित नागलची बातमी समोर आली. त्याने आपला हिशेब वार्ताहरांपुढे उघडा करून मांडला होता. वर्षाच्या आरंभी बँकेत होते तेवढेच पैसे आजही आहेत, आणि ते आहेत ९०० युरो, म्हणजे सुमारे ८०,००० रुपये! त्या वर्षात तो २४ स्पर्धा खेळला होता आणि त्यांतून सुमारे ६५ लाख रुपये मिळाले होते. मात्र एक प्रशिक्षक बरोबर घेऊन वर्षभर हिंडण्याचा खर्च ८० लाख ते १ कोटी. इंडियन ऑइलचा मासिक पगार आणि महा टेनिस फाउंडेशनची मदत यांवर गाडे कसेबसे रेटले जात होते. जर्मनीतल्या ज्या अकादमीत तो सराव करी, तिथे वर्षाचे पहिले तीन महिने पैशांअभावी त्याला राहता आले नव्हते. आणि हा त्या वेळी देशातला पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू!

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी या धंद्याचा थोडा शोध घेतला. निघाले ते असे. 'व्यावसायिक' टेनिसपटू म्हटला की आपल्याला विम्बल्डनचे हिरवेगार कोर्ट दिसते. पण ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जणांनाच जागा असते. त्यांतल्या १०४ जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो, १६ जण तीन पात्रता फेऱ्या जिंकून येतात आणि आठजण संयोजकांच्या मेहेरबानीने. म्हणजे पहिल्या शंभरात असणे आणि नसणे यांत पगारदार आणि रोजंदार एवढा फरक! बाकीचे सारे खालच्या पायऱ्यांवर : आधी पंधरा हजार डॉलरपासूनच्या छोट्या स्पर्धा, त्यावर चॅलेंजर. पंधरा हजार डॉलरची स्पर्धा म्हणजे विजेत्याला पंधरा हजार नव्हेत. तेवढ्या पैशांत एकेरीचे बत्तीस आणि दुहेरीच्या सोळा जोड्या वाटून घेणार. पहिल्याच फेरीत हरला त्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. विमानाचे तिकीट, प्रशिक्षकाचा मेहनताना, त्याची खोली, रॅकेटच्या तारा, पोटाला अन्न, हे सारे ज्याचे त्याने पाहायचे. क्रिकेटपटूला करार असतो. टेनिसपटूचे हातावर पोट.

आणखी एक गंमत आहे. त्यांचे गुण फक्त बावन्न आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळवलेले गुण या वर्षी वहीतून खोडले जातात. तेवढेच पुन्हा मिळवले तर तुम्ही जागच्या जागी! नागलच्या बाबतीत नेमका तिथेच घाव बसला. तो दहा वर्षांचा असताना महेश भूपतीच्या अकादमीने त्याला निवडले. घर सोडून तो बंगळूरला गेला, पुढे कॅनडा, पुढे जर्मनी. २०१५मध्ये व्हिएतनामच्या ली होआंग नाम याच्या जोडीने विम्बल्डनची मुलांची दुहेरी जिंकली. २०१९मध्ये फेडररशी तो सामना. त्यानंतर महिनाभरातच ब्युनोस आयर्सची चॅलेंजर स्पर्धा. २०२१मध्ये टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये एकेरीचा एक सामना जिंकला; १९९६च्या लिअँडर पेसनंतर कोणा भारतीयाला ते जमले नव्हते. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये खुब्याची शस्त्रक्रिया. माणूस अंथरुणावर होता, पण बावन्न आठवड्यांचे चक्र थांबत नाही. क्रमांक घसरत घसरत पाचशेच्याही पलीकडे गेला.

त्या रात्री पोळ्या लाटता लाटता मी हे सगळे आईला सांगितले. खरे म्हणजे मला तिची कीव करायची होती आणि नागलची कीव हे त्याचे निमित्त होते. एवढा मोठा खेळाडू, आणि बघ, शिल्लक काय तर ऐंशी हजार! मी सुस्कारा सोडून थांबले.

आईने पोळी उलटली आणि विचारले, "वर्षाच्या सुरुवातीला किती होते म्हणालीस?"

"तेवढेच."

"आणि मधे वर्षभर खेळला?"

"चोवीस स्पर्धा."

"प्रशिक्षकाचे पैसे थकले नाहीत ना?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"मग खोटीत कुठं गेला?" आई म्हणाली. "दुखण्यातनं उठून माणूस वर्षभर धंदा करतो, सगळ्यांची देणी देतो आणि होते तेवढे हातात ठेवतो. अगं, बेरजेचं वर्ष आहे ते!"

मी लाटणे थांबवून तिच्याकडे पाहतच राहिले.

मग आईने खाड्याची गोष्ट काढली. खानावळीत 'खाडा' म्हणजे मेंबर ज्या दिवशी जेवला नाही, त्या दिवसाची वजावट. मागे एकदा आईच घसरून पडली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला होता. सहा आठवडे चूल बंद. मेंबर काय करणार बिचारे? पोट कोणासाठी थांबत नाही. ते दुसरीकडे गेले. हात सुटला तेव्हा आईने सहा मेंबरांवर पुन्हा सुरुवात केली होती. "हात जुळायला सहा आठवडे लागले," ती म्हणाली, "मेंबर जुळायला वर्ष लागलं. त्या पोराचंही तसंच झालंय. मेंबराचा खाडा मी वजा करते. माझा खाडा कोण वजा करणार?"

मी गेले काही महिने अर्थशास्त्राची पुस्तके वाचत होते. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, हे मला पाठ होते. पण 'उद्या पुन्हा चूल पेटवता येणे' या गोष्टीला वहीत कोणता रकाना आहे, हे मला कोणी शिकवले नव्हते. ज्या आकड्याची मला लाज वाटत होती, तो न हललेला आकडा म्हणजे काय, हे त्या रात्री एका परक्या मुलाच्या जमाखर्चावरून मला कळले. माझ्या तीन वर्षांची फी, भावाची पुस्तके, गॅस, किराणा, सारे देऊन तो आकडा जागचा हलला नव्हता. आईने माझ्या त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा दिले नाही, कारण उत्तर पहिल्याच ओळीत लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते इतकेच.

पण यावरून कष्टाचे गोडवे गाऊन मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. तोही एक प्रकारचा अन्यायच होय. हातावर पोट असणाऱ्याचे धैर्य वाखाणणे सोपे असते. ते वाखाणणाऱ्याला पहाटे चारला उठावे लागत नाही. टेनिसच्या जगातही हे कोणाच्या तरी ध्यानात आले असावे. एटीपी या पुरुष व्यावसायिकांच्या संघटनेने २०२४ सालापासून तीन वर्षांकरिता प्रायोगिक योजना जाहीर केली : पहिल्या शंभरांना वर्षाला किमान ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० यांना ७५ हजार. कमाई त्याहून कमी पडली तर उरलेले संघटना भरून देणार. १९७२च्या दुष्काळात आपल्या महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली, तिचीच ही जणू श्रीमंत मावसबहीण! मी मोठ्या उत्साहाने हे आईला सांगितले. तिने एवढेच विचारले, "आणि अडीचशे एकावा?"

मला उत्तर देता आले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. जानेवारी २०२४मध्ये नागल ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या तीन पात्रता फेऱ्या जिंकला आणि मुख्य स्पर्धेत ३१वे मानांकन असलेल्या बुब्लिकला त्याने सरळ तीन सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅममध्ये मानांकित खेळाडूला हरवणारा भारतीय त्याआधी १९८९मध्ये झाला होता, रमेश कृष्णन. दुसऱ्या फेरीत नागल हरला, पण त्या दोन सामन्यांचे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे कोटीच्या घरातली रक्कम, त्याच्या वहीत जमा झाली. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो पहिल्या शंभरात आला आणि जुलैत ६८व्या क्रमांकापर्यंत चढला. आमच्या खानावळीत त्या वर्षी बत्तीस मेंबर होते, म्हणून दोघांचेही बरे चालले आहे असे आई म्हणत असे.

ही गोष्ट इथेच संपवता आली असती तर निबंध गोड झाला असता. पण बावन्न आठवडे फिरून आले. २०२४च्या अखेरीपासून क्रमांक पुन्हा घसरू लागला आणि २०२५मध्ये तो दोनशेच्याही खाली गेला. आई अधूनमधून चौकशी करते, "त्या पोराचं काय?" मी क्रमांक सांगू लागते, तर ती हाताने थांबवते. "ते राहू दे. खेळतोय ना?"

२०२५च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिस चषकासाठी भारताचा संघ स्वित्झर्लंडला गेला. नागलने पहिल्या दिवशी आपला सामना जिंकला आणि दुसऱ्या दिवशी निर्णायक सामन्यात हेन्री बेर्ने या त्याच वर्षीच्या ऑस्ट्रेलियन कुमार विजेत्याला ६–१, ६–३ असे हरवले. भारताने ३–१ अशी लढत जिंकली. युरोपातल्या संघाला त्याच्या घरी जाऊन हरवणे १९९३नंतर प्रथमच घडत होते. मी धावतच स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितले. फेडरर त्याच देशाचा, हेही सांगितले.

आई वही लिहीत होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे त्यानं तेव्हा परत दिलेले सेट घरी जाऊन वसूल केले म्हणायचे," ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोके घातले.

या वर्षीच्या अर्जातही तो रकाना होता. मी 'खानावळ' असे लिहिले. लिहिताना हात किंचित थांबला, हे खोटे कशाला सांगू? पण लिहिले.