वानच्या पाण्याचा हिशोब

हरभरा सोंगून झाला. एकरी साडेचार क्विंटल झडती आली, ओलाव्यावरच्या पिकाला ती वाईट नाही. मागच्या पोस्टवर पुण्याकडच्या एका भावाने विचारलं होतं की बोअर का मारत नाही, दोन पाणी दिले तर दुप्पट होईल. भाऊ, आमचं वावर खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगाला अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. बोअर मारला तर पाणी लागते, पण खारं. ते पिकाला दिलं की काळी जमीन चोपण होते, वाळली की दगडासारखी, ओली झाली की पाय निघत नाही. म्हणून आम्ही पावसावर पऱ्हाटी-तूर घेतो आणि उरलेल्या ओलाव्यावर हरभरा.

शेतीचं असं भागवता येते. पिण्याचं भागत नाही. आज त्यावरच लिहितो. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची चर्चा निघाली की वानच्या पाण्याचं भांडण आमच्याकडे पुन्हा उकरून निघते. मला त्यात बोलायचा हक्क जरा जास्त आहे. माझी बहीण तेल्हारा तालुक्यात दिलेली, तिचं वावर वानच्या कॅनॉलवर. आणि पोरगी दिली बाळापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या विषयाने एकदा अशी आग लागली की माझ्या बायकोने ग्रुपच बंद केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वान धरण तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. हनुमान सागर म्हणतात त्याला. पोटात साधारण ८२ दलघमी पाणी मावते. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. यातून शेतीला पाणी जाते, आणि अकोट, तेल्हारा, शेगाव, जळगाव जामोद या गावांना अन् ८४ खेडी योजनेला पिण्याचं. मग अमृत योजनेत अकोला शहरासाठी २४ दलघमी राखायचं ठरलं. तेल्हारा-अकोटकडचे कास्तकार रस्त्यावर आले आणि त्याला स्थगिती मिळाली. त्यानंतर बाळापूर आणि अकोला तालुक्यातल्या ६९ खारपाण गावांची योजना आली, पाणी पुन्हा वानमधूनच. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि त्या योजनेलाही स्थगिती. बाळापूरचे आमदार नितीन देशमुख एप्रिल २०२३ मध्ये खारं पाणी घेऊन पायी निघाले, की देवेंद्र फडणवीसांना दाखवू आम्ही काय पितो. फडणवीस तेव्हा उपमुख्यमंत्री होते आणि अकोल्याचे पालकमंत्रीही. नागपूरच्या अलीकडेच पोलिसांनी मोर्चा अडवला. टीव्हीवर दोन दिवस चाललं.

आता माझ्या घरातलं सांगतो. बहिणीचा फोन आला. "दादा, तू कोनाच्या इकडून हायेस थे सांग पयले." मागून भाऊजी म्हणाले, "आज खेड्याले देसान, उद्या अकोल्याले देसान, मंग आमी काय कोरडा पाट चाटाव का?" भाऊजींचं वावर चारीच्या शेपटाला आहे. पाळी सुटली की वरचे पहिले भरून घेतात, यांच्यापर्यंत पाणी येईतो पाळी बंद व्हायची वेळ येते. दोन रात्री बॅटरी घेऊन पाटावर बसतात तेव्हा गहू ओला होतो.

आणि तिकडे आमचे इवाई. गेल्या वर्षापासून आठवड्यात दोनदा अकोल्याला डायलिसिसला जातात. पाण्यानंच झालं असं डॉक्टर म्हणत नाहीत, बीपी होताच, दुखण्याच्या गोळ्याही खाल्ल्या. पण त्यांच्या गावात किडनीवाले किती आहेत ते गावात कोणालाही विचारा, बोटं पुरत नाहीत. ज्याच्याकडे पैसा तो आरओची कॅन आणतो. ज्याच्याकडे नाही तो हापशीचं पितो. जावई मला एवढंच म्हणाले, "मामाजी, आमाले ओलीत नाही पायजे. प्याले पायजे फक्त."

आता मी कोणाला खोटं म्हणू?

म्हणून एका रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ६९ गावं. सरासरी गावाला दोन हजार माणूस धरा, म्हणजे १ लाख ३८ हजार. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटर. गुणाकार केला तर रोजचे जवळपास ७६ लाख लिटर, वर्षाचे पावणेतीन दलघमी. पाइप फुटणं, गळती, ढोरांचं पाणी धरून चार म्हणा. ८२ मधले चार म्हणजे शंभरात पाच. आकडे माझे ढोबळ आहेत, कोणाकडे गावांची खरी लोकसंख्या असेल तर गुणाकार तुम्हीही करू शकता. गंमत अशी की एवढा साधा गुणाकार मोर्चातल्या भाषणात कोणी केला नाही, त्याच्या विरोधातल्या भाषणातही नाही.

पण चार दलघमी म्हणजे काहीच नाही असंही नाही. एक हेक्टर गव्हाला सगळे मिळून साडेचार हजार घनमीटर पाणी लागते, कॅनॉलमध्ये निम्मं मुरते असं धरलं तर त्याच्या दुप्पट सोडावं लागते. म्हणजे चार दलघमीत साडेचारशे हेक्टर गहू भिजला असता. आणि हे साडेचारशे हेक्टर धरणाजवळचे नसतात. ते शेपटाचे असतात. पाणी कमी झालं की आधी शेपूट वाळते. भाऊजींचा राग त्यासाठी आहे आणि तो मला बरोबर वाटतो.

शिवाय त्यांची भीती चारची नाहीच, चोवीसची आहे. अकोला शहराचे २४ म्हणजे धरणातला शंभरातला २९ वा वाटा. एकदा खेड्याची पाइपलाइन गेली की तिच्या मागून शहराची जाईल, असं तिकडच्या माणसाला वाटते. आणि का वाटू नये? आमच्या अमरावती जिल्ह्यातच अप्पर वर्धा धरणाचं ८७.६ दलघमी पाणी नांदगाव पेठच्या सोफिया वीज प्रकल्पासाठी मंजूर झालं होतं. म्हणजे अख्ख्या वान धरणापेक्षा जास्त पाणी एका कारखान्याला. २०१०-११ मध्ये त्यावर केवढं आंदोलन झालं, पन्नाशीच्या पुढच्या लोकांना आठवत असेल. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या मागे उद्योग होता आणि शेती तिसरी. २०११ मध्ये शेती दुसरी केली. कागदावर क्रम बदलला, पण 'आरक्षण' हा शब्द ऐकला की कास्तकाराचं पोट अजूनही दुखते.

मी स्वतः दर्यापूर तालुक्यातला. आमच्याकडे शहानूर धरणाच्या १५६ गावांच्या योजनेचं गोड पाणी येते. ते यायच्या आधी आमची आई चहा खारा होतो म्हणून गूळ जास्त टाकायची, डाळ शिजायला तासभर जास्त लागायची. पाइपलाइन आली तेव्हा अंजनगावकडच्या धरणातलं पाणी आमच्याकडे आलं, तिकडच्या कास्तकारांच्या वाट्यातलंच ते. मी ते पाणी पितो. मग बाळापूरच्या माणसाला 'तू पिऊ नको' कोणत्या तोंडाने सांगू? माझं मत सरळ आहे: ६९ गावांना पाणी द्या. शहराला वानमधून देऊ नका, अकोल्याला काटेपूर्णा आहे, आधी तिथली गळती थांबवा. आणि खेड्यांना जेवढं द्याल तेवढं कॅनॉलवर वाचवा. शेपटाच्या चाऱ्या बंद पाइपाच्या करा, मुरणारं पाणी तिथेच सापडते. हे लेखी द्या, धरणाच्या गेटवर बोर्ड लावून द्या.

असं बोललो की दोन्हीकडचे चिडतात. तेल्हाऱ्याचे म्हणतात पोरीसाठी बोलतो. बाळापूरचे म्हणतात बहिणीसाठी अटी घालतो. असू द्या.

राजकारणाचं म्हणाल तर एक गोष्ट पाहा. बाळापूरला नितीन देशमुख, ठाकरेंच्या सेनेचे. तेल्हारा ज्या अकोट मतदारसंघात येते तिथे प्रकाश भारसाकळे, भाजपचे. २०२४ च्या विधानसभेत दोघंही परत निवडून आले. एकाला पाणी पाहिजे म्हणून मतं, दुसरीकडे पाणी जाऊ देणार नाही म्हणून मतं. भांडण मिटलं तर दोघांनाही नवीन विषय शोधावा लागेल. देशमुख उन्हात चालले ते नाटक होतं असं मी म्हणत नाही, आमच्या इवायाला ते बरंच वाटलं. पण मुंबईतल्या विधानसभेत दोघं एकाच सभागृहात बसतात, तिथे हे दोन आकडे शेजारी मांडायला पायी चालावं लागत नाही.

आणि ज्याच्यावर कोणीच मोर्चा काढत नाही ते पूर्णेवरचे बॅरेज. नेरधामणा, घुंगशी. पावसाळ्यात पूर्णेला पूर येतो, ते पाणी गोड असते, आमच्या डोळ्यांसमोरून तापीत जाते. ते खारपाणातच अडवायचं हा विचार जुना आहे आणि चांगला आहे. वर्षानुवर्षं रखडत ते कामं चालले. आमच्या काळ्या जमिनीत शेततळं केलं तर प्लास्टिक न टाकताही पाणी टिकते, मी केलं आहे, त्यावर एका एकराला पाणी होते. पुराचं पाणी नीट अडवलं असतं तर बाळापूरने वानकडे एवढ्या आशेनं पाहिलं नसतं.

आता तुमच्याकडून पाहिजे ते. वानच्या कॅनॉलवर ज्यांचं वावर आहे त्यांनी खाली लिहा: या रब्बीत तुमच्या चारीला किती पाळ्या मिळाल्या, वावर डोक्याला की शेपटाला, आणि पाणी पोचायला किती दिवस लागले. ६९ गावांतल्या लोकांनी लिहा: कॅनला महिन्याचे किती रुपये जातात, आणि टँकर कोणत्या महिन्यापासून लागतो. मी सगळं वहीत उतरवून घेतो. कालवा सल्लागार समितीची पुढची बैठक होईल तेव्हा भाऊजी आणि जावई दोघांनाही एका गाडीत घालून न्यायचा विचार आहे, तेवढ्या प्रवासात एकमेकांशी बोलले तरी पुष्कळ. पक्षाच्या नावाने शिव्या लिहिल्या तर कमेंट काढून टाकीन. आकडा लिहिला तर राहू देईन, मग तो माझ्या हिशोबाच्या विरोधात असला तरी.