खंड्या

द्रोणागिरी हे नाव आज सेक्टरांच्या एका वसाहतीला आहे. परंतु आमच्या लहानपणी ते केवळ डोंगराचे होते, आणि संजीवनी घेऊन निघालेल्या हनुमंताच्या हातून गळून पडलेला पर्वताचा तुकडा म्हणजेच हा डोंगर, ही उरणकडची कथा आम्हांला रंगवून सांगणारे आप्पाकाका त्या डोंगराकडे तोंड करून बसत असले, तरी तो त्यांना दिसत नसे. काचबिंदूने त्यांची दृष्टी चाळिशीच्या आतच नेली होती.

दृष्टी गेली तरी काका परावलंबी मात्र झाले नव्हते, कारण खाडीकाठचे ते गाव त्यांना पायांनी, कानांनी आणि नाकाने मुखोद्गत होते. ओहोटीबरोबर उघाडीतून बाहेर धावणाऱ्या पाण्याचा घोष, उन्हाळ्यात मिठागरांवरून येणारा कोरडा खारट वास, तळपायाला कळणारी खारबांधाची टणक माती आणि खाजणातला निसरडा चिखल, एवढ्या खुणांवर भिस्त ठेवून, बाभळीची काठी टेकीत, ते भल्या पहाटे चिंबोऱ्या धरणाऱ्या मंडळींत जाऊन बसत आणि उन्हे चढण्यापूर्वी एकटेच घरी येत.

1970 मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली, आणि पुढे नोटिसा, मोजण्या, मोबदल्याचे कज्जे यांत एक पिढी झिजली. 1984 च्या जानेवारीत याच टापूत शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. या सर्वांची नोंद सरकारदफ्तरी सापडेल. परंतु खाजणावर मुरमाचा भराव पडला, बांध बुजले, उघाडी मुकी झाली आणि सारख्याच रुंदीचे, सारख्याच वासाचे सरळ रस्ते चहूकडे आखले गेले, तेव्हा एका अंध माणसाच्या मनातला गावाचा नकाशा पुसला गेला, हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात आलेले नाही. आप्पाकाका दुसऱ्यांदा आंधळे झाले ते त्या वेळी. दोन वर्षे त्यांनी ओटी सोडली नाही.

अशा दिवसांत, एका मुसळधार पावसात, रस्त्याकडेला रचून ठेवलेल्या सिमेंटच्या पाइपांत कुडकुडत असलेले एक तांबूस पिल्लू माझ्या धाकट्या भावाने घरी आणले. काकूंनी नेमाप्रमाणे विरोध केला आणि नेमाप्रमाणेच रात्री भाताची पेज घातली. ओटीच्या काठावर मान ताठ करून, पाण्यावर टपलेल्या पक्ष्यासारखे ते तासन् तास रस्त्याकडे पाहत राही, म्हणून त्याचे नाव पडले खंड्या.

वर्षभरात खंड्या वसाहतीचा मुखत्यार झाला. कोणत्या वळणावर कोणाचा गाडा लागतो, कोठल्या फाटकातून परका कुत्रा अंगावर येतो, कंटेनरचे ट्रेलर कोठे उलटे फिरतात, हे त्याने नाकाने मोजून घेतले होते. एके दिवशी काकांनी त्याच्या गळ्यात जुन्या जाळ्याची दोरी बांधली आणि काही न बोलता ओटी उतरली. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत गेले. महिन्याने नाक्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत.

अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांची विद्या पाश्चात्त्य देशांत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी 1916 मध्ये जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे तिची शाळा निघाली. 1928 मध्ये मॉरिस फ्रँक हा अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्ये शिकून बडी नावाची अल्सेशियन कुत्री घेऊन परतला, न्यूयॉर्कच्या वाहत्या रहदारीतून वार्ताहरांदेखत पार झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या देशात अशी संस्था उभी राहिली. या विद्येचे मर्म असे, की मुक्कामाचा रस्ता माणसाला ठाऊक असतो, कुत्रा केवळ वाटेतला अडथळा टाळतो. आणि धन्याची आज्ञा घातक असेल तेथे ती मोडणे, हा त्याच्या शिक्षणाचा शेवटचा व सर्वांत कठीण धडा होय. आमच्या खंड्याने कोणतीही शाळा पाहिली नव्हती, आणि आरंभी त्याचा व्यवहार नेमका उलटा होता: रस्ता त्याला ठाऊक, आणि काका दोरीच्या ताणाला धरून मागे. परंतु त्या ताणाबरोबर काका पावले मोजीत होते, पोळी भाजल्याचा वास कोठे येतो, दोन इमारतींमधून डोंगरावरचा वारा कोठे अंगावर येतो, हे टिपीत होते. आणि पाहता पाहता दोरी सैल झाली, ‘डावीकडे’, ‘सरळ’ असे हुकूम काका देऊ लागले. नवे शहर त्यांना पाठ झाले होते.

शेवटचा धडा खंड्याने एका संध्याकाळी दिला. कोणा मक्तेदाराने गटाराच्या कामासाठी भर रस्त्यात खोल चर खणला होता. ना दोरी, ना दिवा. खंड्या काकांच्या पायांत आडवा पडला. काकांनी दटावले, ओढले, अखेर काठीचा एक तडाखाही दिला; तो कण्हला, पण हलला नाही. तेव्हा काकांनी त्याच्यावरून काठी पुढे टेकली, आणि काठीला जमीन लागली नाही. तेथेच खाली बसून ते कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “तो हलत नाय, म्हंजे काय तरी हाय. मलाच कलला नाय.”

चर यथावकाश बुजला, वर डांबर पडले, तरी त्या जागी खंड्या पुढे जन्मभर क्षणभर थांबे. काकांनी त्याला तेथे कधी ओढले नाही. तेरा वर्षे जगून खंड्या एका थंडीत ओटीवरच गेला. जुन्या बांधाच्या उरल्यासुरल्या तुकड्याशेजारी आम्ही त्याला पुरले.

आठवडाभर काका बाहेर पडले नाहीत, तेव्हा पुन्हा ते दिवस येणार, अशी धास्ती आम्ही सर्वांनी घेतली. आठव्या दिवशी त्यांनी बाभळीची काठी मागितली आणि ते एकटे निघाले. मी लपतछपत मागे होतो. एकही वळण चुकले नाही. बुजलेल्या चराच्या जागी मात्र ते थांबले, दोरी धरण्याचा डावा हात किंचित खाली गेला, तसाच वर आला. आणि एक श्वासभर उभे राहून ते टपरीकडे चालू लागले.