एक पिकअप की दोन?

भीमजयंतीच्या बॅनरवर गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. ढोलकीवाल्याचे नाव निवेदक दोनदा घेतो. बास गिटार वाजवणारा मागे स्पीकरच्या बाजूला उभा असतो आणि तो 'साथसंगत' या एका शब्दात येऊन जातो. मी गेली बावीस वर्षे आमच्या गायनपार्टीत त्याच जागेवर उभा आहे. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्या जागेवरून जे कळते ते आपल्या मुलांच्या उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

वस्तीतली चार-पाच मुले माझ्याकडे बास शिकायला येतात. त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, एक पिकअपची घ्यायची की दोन पिकअपची?" दुकानदाराला हा प्रश्न विचारला तर तो महागातली दाखवतो. पण ज्या घरात वाद्यासाठी पैसे काढताना किराणा आणि शाळेची फी आधी डोळ्यासमोर येते, तिथे हा प्रश्न घरातल्या सर्वांचा होतो. यंदा तो माझ्याच घरात आला. माझ्या मुलीला बास घ्यायची होती.

आधी पिकअप म्हणजे काय ते समजून घेऊ. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात बदल होतो आणि त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. ती अ‍ॅम्प्लीफायर मोठी करतो. यामागचा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधला. फॅरडे हे लोहाराचे पोर, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले. बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. आपल्या मुलांना हे जरूर सांगावे.

आता मुद्दा असा की, तीच तार वेगवेगळ्या जागी वेगळी बोलते. मानेकडे सरकावे तशी ती ऐसपैस हलते. घोडीजवळ, म्हणजे ब्रिजजवळ, ती आखडून हलते. म्हणून मानेच्या बाजूचे पिकअप भरदार खर्ज देते. घोडीजवळचे पिकअप टोकदार, थोडा नाकातला आवाज देते आणि त्याची ताकदही कमी असते. एक पिकअप म्हणजे एक जागा. दोन पिकअप म्हणजे दोन जागा, आणि त्यांचे मिश्रण आपल्या हातात.

हे वाद्य घडवणारे लिओ फेंडर हे अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फुलर्टनचे. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. काम करणारे वादक अडचण सांगत आणि ते दुरुस्ती करत. त्याआधी खर्जासाठी माणसाहून उंच डबल बास लागे. तो वाहून न्यायला त्रास आणि गर्दीत ऐकूही येत नसे. फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास आणला. त्यात एकच पिकअप होते. १९५७ साली त्याचे दोन तुकडे करून दोन-दोन तारांखाली मागेपुढे बसवले. दिसायला दोन, पण काम एकाचेच. १९६० साली जॅझ बास आला. त्यात दोन स्वतंत्र पिकअप आहेत. आज दुकानात स्वस्तातली बास पाहिली तरी बहुधा ती या दोघांपैकी एकाची नक्कल असते.

एका पिकअपवर काय होऊ शकते हे जेम्स जेमर्सन यांनी दाखवून दिले. साउथ कॅरोलायनात १९३६ साली जन्मलेला हा काळा मुलगा १९५४ साली आईबरोबर डेट्रॉइटला आला. ते मोटारींच्या कारखान्यांचे, कामगारांचे शहर. तिथे बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली सुरू केलेल्या मोटाउनच्या शेकडो गाण्यांना जेमर्सन यांनी प्रिसिजन बासवर साथ केली, तीही उजव्या हाताच्या एकाच बोटाने. गाणी जगभर गाजली, पण तबकडीवर वादकांची नावे नव्हती. १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर त्यांचे नाव छापून आले. १९८३ साली ते वारले आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना २००० साली जागा मिळाली.

काळ्या अमेरिकनांचे दुःख आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या त्यांच्या निवेदनाची प्रत मागितली होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली तीही ब्लॅक पँथरवरून. म्हणून जेमर्सन यांची कथा वाचताना मला वाटते की जयंती मंडळांनी पत्रिकेवर साथीदारांची नावे छापावीत. त्याला चार ओळींपेक्षा जास्त जागा लागत नाही.

दोन पिकअपची बाजूही तितकीच भक्कम आहे. फ्लोरिडात वाढलेले जॅको पास्टोरियस यांनी जॅझ बासचे पडदे काढून टाकले आणि घोडीजवळचे पिकअप पुढे ठेवून बासला गळा दिला. १९७६ सालचा त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम ऐका. बास गाताना ऐकू येते. एका पिकअपच्या बासवर तो आवाज निघत नाही.

मग आपल्या मंडपात काय चालते? भीमगीतात शब्द पहिला. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी लोकांनी ऐकली ती त्यातला विचार कानावर पडला म्हणून. पुढच्या रांगेत लुगड्याचा पदर सावरून बसलेल्या आजीला शब्द कळला नाही तर कार्यक्रम फुकट. बासचे काम ढोलकीच्या थापेला बुड देणे आणि गायकाच्या शब्दाला वाट मोकळी ठेवणे हे आहे. एका पिकअपचा जाड, गोल आवाज हे काम निमूटपणे करतो. दोन्ही पिकअप सारखे उघडले की मधले काही स्वर एकमेकांना खातात. घरी तो आवाज फार गोड लागतो. मंडपात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू झाले की तीच बास कुठे गेली ते कळत नाही.

दुसरी गोष्ट घरघरीची. आपल्या विजेचा प्रवाह ५० चक्रांचा असतो आणि मंडपात माळांचे दिवे, हॅलोजन, जनरेटर यांच्या तारा एकमेकींत अडकलेल्या असतात. पिकअप ती घरघर पकडते. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असल्यामुळे घरघर आपोआप मरते. जॅझ बासमध्ये सहसा दोन्ही पिकअप सारखे उघडे असतील तोवर ती मरते. एक कमी केले की 'घूं' सुरू होते. गायक वंदना घेत असताना ती 'घूं' फार टोचते. आणि पिकअप कोणतेही असो, मंडपाच्या वायरमनला अर्थिंग नीट आहे का हे विचारल्याशिवाय तारेला हात लावू नये. पोलादी तार आणि माइक दोन्हींना अंग लागले की झटका जिवावर बेतू शकतो.

हे सगळे मी मुलीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मंडपाचं बोलता. मला मंडपातही वाजवायचंय आणि रेकॉर्डिंगलाही जायचंय. तिथं ते विचारतील तो आवाज द्यावा लागतो. एकाच आवाजावर मी किती दारं ठोठावू?" तिची आई म्हणाली, "दारं नंतर ठोठाव, आधी पैसे मोज." पैसे तिचेच होते. औषधाच्या दुकानात काम करून तिने वर्षभर बाजूला टाकलेले. एक पिकअपची घेतली तर उरलेल्या पैशांत छोटा अ‍ॅम्प्लीफायर बसत होता. दोन पिकअपच्या बासमध्ये नुसती बासच येत होती.

मी एक पिकअपच्या बाजूने होतो, अजूनही मंडपापुरता आहे. पण मला मागच्या रांगेत उभे राहायचे होते. तिला वाद्यावर पोट भरायचे आहे. आमच्या पिढीला साथीला घेतले यातच समाधान होते. मुलीने तेवढ्यावर का थांबावे? शेवटी तिने तिसरा मार्ग काढला. मधोमध प्रिसिजनचे दुभागलेले पिकअप आणि घोडीजवळ जॅझचे, अशी मिश्र बास तिने पसंत केली. जयंतीच्या कार्यक्रमात ती घोडीकडचे बटन पूर्ण बंद ठेवते. मग ती माझ्या बाससारखीच बोलते आणि घरघरतही नाही. रेकॉर्डिंगला ते उघडते. अ‍ॅम्प्लीफायर घ्यायचा राहिला आहे. तोपर्यंत आम्ही दोघे माझ्याच जुन्या अ‍ॅम्प्लीफायरवर आळीपाळीने रियाज करतो आणि शेजाऱ्यांची बोलणी खातो.

तेव्हा पालकांनी मुलाला किंवा मुलीला आधी विचारावे की, वाजवणार कुठे? फक्त विहारात आणि जयंतीत वाजवायचे असेल तर एक पिकअप घ्यावे आणि उरलेल्या पैशांत चांगल्या तारा व अ‍ॅम्प्लीफायर पाहावा. हाच व्यवसाय करायचा असेल तर दोन पिकअपसाठी थोडे थांबून पैसे साठवावेत. दुकानात एकटे पिकअप, मग दुसरे, मग दोन्ही असे उघडून ऐकावे. मोबाइलवर ढोलकी लावावी, कुणाला तरी वाजवायला सांगावे आणि दहा पावले मागे जाऊन ऐकावे, कारण लोक तिथूनच ऐकणार असतात. तार न छेडता घरघर किती येते तेही पाहावे. आवाज फार झणझणीत वाटला तर बास बदलू नये. घोडीजवळ तारांखाली फोमचा तुकडा सरकवावा. जेमर्सनही फोम वापरत.

आणि पहिले सहा महिने बटनांना हातच लावू नये. आधी ढोलकीच्या थापेवर बोट पडायला शिकावे.