खडीवरचा मुलगा

आमच्या जुन्नरकडच्या निमगाव सावाच्या घरी माळ्यावर खडी फोडण्याची एक हातोडी अद्याप आहे. १९७२ च्या दुष्काळात, विहिरींनी तळ दाखविला आणि दावणीच्या जनावरांपुढे टाकावयास काडी उरली नाही तेव्हा, सरकारने काढलेल्या कामावर आई ही हातोडी घेऊन जात असे; आणि तिच्या शेजारी, भर उन्हात, दोन्ही हातांनी तीच हातोडी उचलून दगडावर घालणारा एक लहान मुलगा मला जन्मभर स्पष्ट दिसत आला आहे. तो मुलगा मी.

पुण्यात शिकताना एक वेळ जेवून दिवस काढले तेव्हा, पुढे नोकरीत वरिष्ठांची मर्जी राखण्याऐवजी बदली पत्करली तेव्हा, आणि दीर्घ आजारात अंथरुणाला खिळलो तेव्हाही, ज्याने लहानपणी खडी फोडली त्याला हे काय जड, असे मी मनाशी म्हणे व खरोखरच निभावून नेई; आणि प्रत्येक वेळी निभावले म्हणजे तो मुलगा अधिकच ठसठशीत होई, इतका की त्याच्या तळहातावरचे फोडही मला दिसू लागले.

आई थकल्यावर एकदा त्या दिवसांचा विषय निघाला. ती सहज म्हणाली, "तू कुठं फोडलीस रं खडी? तू लिंबाखाली धाकटीला सांभाळत बसायचास. अन् सुकडी मिळाली की नाचायचास."

मुकादमाचा हजेरीपट कोठे शिल्लक असलाच, तर त्यात आईचे नाव सापडेल, माझे नव्हे. स्मरण म्हणजे दप्तरातून काढलेली नक्कल नसून दर वेळी नव्याने केलेली रचना असते, असे फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच प्रतिपादिले होते. परंतु मला अधिक विलक्षण वाटते ते हे, की आठवणीचा आधार निघाला तरी माझा स्वतःविषयीचा समज ढळला नाही. कारण एव्हाना त्याच्या बाजूने पुणे, बदली, आजार असे अस्सल साक्षीदार उभे राहिले होते. उलट, त्या समजाने इतकी वर्षे जे दाराबाहेर ठेवले होते ते आत आले: कामावर वाटलेल्या सुकडीची गोडी, धाकटीचे खिदळणे, त्या भीषण वर्षातही लिंबाखाली मनमुराद खेळलेली दुपार. कणखर मुलाच्या कैफियतीत आनंदाला जागाच नव्हती.

गावाचेही असेच होते, असे मला वाटते. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे ही धरणे झाली, जुन्नर-आंबेगावात ऊस उभा राहिला, उसात बिबट्या आला; तरी माझ्या वयाची माणसे स्वतःला दुष्काळी मुलखातलीच समजतात आणि तांब्यातले उरलेले पाणी तुळशीला घालतात, तर ज्यांनी दुष्काळातली मिलोची तांबडी भाकरी पाहिलीच नाही ती पोरे जन्मजात बागायतदार आहेत. दोघांचेही खरेच आहे.

मे १९७३ मध्ये राज्यात अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती, आणि त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. पुतण्यांना तो काळ सांगताना हल्ली मी आईपासून आरंभ करतो: तिचे पहाटेचे दळण, कामापर्यंतची पायपीट, संध्याकाळी ढिगाचे मोजमाप घेताना मुकादमाशी तिने घातलेली हुज्जत. माझी पाळी आली म्हणजे सुकडीचे सांगतो.