बारा व्होल्टचा धाक

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याचं गाव. शेतीपंपाची वीज पाळीनं रात्री आली की मोटारसायकल काढून मळ्यात जावंच लागतं, आणि वाटेत रानडुक्कर नाहीतर रोही आडवा यायची धास्ती असते. तेव्हा गाडीला जादा फोकस बसवणाऱ्याला हौशी म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. माझी हरकत आहे ती जोडणीला. हेडलाइटची तार सोलायची, फोकसची तार तिच्यावर पिळायची, वरून काळी टेप गुंडाळायची, की झालं काम. घरातल्या 230 व्होल्टला हात लावताना दहादा विचार करणारा माणूस इथे बिनधास्त असतो, कारण 12 व्होल्टचा झटका बसत नाही. पण झटका नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेबच चुकीचा आहे.

माणसाला झटका व्होल्टेजमुळे बसतो, तार मात्र तापते ती करंटनं. 55 वॉटचे दोन हॅलोजन 12 व्होल्टवर लावले तर तारेतून 9 अँपिअरच्या वर करंट जातो. विहिरीवरची पाच एचपीची थ्री-फेज मोटर एकेका फेजमधून साधारण 8 अँपिअर घेते. म्हणजे जवळपास तितकाच करंट. पण मोटरसाठी आपण जाड केबल टाकतो, फ्यूज बसवतो आणि मधे स्टार्टर ठेवतो. फोकससाठी अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार आणि हँडलवरचं इवलंसं बटण चालवून घेतो. त्या तारेच्या दोन मीटर लांबीत सुमारे 0.7 व्होल्ट वाया जातात. आकडा किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानं हॅलोजनचा उजेड जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं उतरतो. ज्या उजेडासाठी खर्च केला तोच तारेत उष्णता होऊन जातो. यावरचा इलाज शेतकऱ्याला नवा नाही. स्टार्टरचं हिरवं बटण मोटरचा करंट वाहून नेत नाही. ते फक्त कॉइल ओढतं आणि मुख्य संपर्क जुळतो. गाडीतला रिले हेच करतो. 85 आणि 86 या पिनांवर कॉइल, तिला पाव अँपिअरही लागत नाही. 30 वर बॅटरी, 87 वर फोकस. बटणाच्या वाट्याला नुसता हुकूम येतो, भार येत नाही.

यावर हमखास म्हटलं जातं, ‘आता सगळं एलईडी आहे, वॉट कमी, रिले कशाला?’ वॉट कमी झाले हे खरंच. पण 35 वॉटचा हेडलाइट सुमारे 3 अँपिअर घेतो, आणि त्याच्याच तारेवर 20-20 वॉटचे दोन एलईडी टाकले की आणखी तीनेक अँपिअर वाढतात. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, कारण ती करंटच्या वर्गानं वाढते. त्यात एप्रिल 2017 पासून आलेल्या नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. त्या तारेला आधीच उसंत नाही. तेव्हा एलईडीला रिले नसला तरी एकवेळ चालेल, पण हेडलाइटच्या तारेवर आकडा टाकलेला चालणार नाही. फोकसची लाइन बॅटरीपासून वेगळीच यावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘कंपनीचा फ्यूज आहे की!’ आहे, पण तो कंपनीच्या तारांसाठी आहे. फ्यूज दिव्याला नव्हे, तारेला वाचवतो. मूळ फ्यूज 15 अँपिअरचा असला तर 14 अँपिअर तो मुकाट्यानं जाऊ देईल, तोवर आपली बारीक तार टाकीखाली वितळलेली असेल. आणि तो उडालाच, तर फोकसबरोबर हेडलाइट, हॉर्न आणि इग्निशनही गेलं. म्हणून बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फोकसचा स्वतःचा फ्यूज हवा. दोन एलईडींना 5 अँपिअरचा पुरतो. त्याच्या अलीकडची तार उघडी पडून चेसिसला टेकली, तर करंट अडवायला मधे कोणीच नाही.

‘पण टेप मारलेले जोड वर्षानुवर्षं टिकतात’ असंही ऐकू येतं. वैशाखाच्या उन्हात टेपचा डिंक पाघळतो आणि ती सुटून सरकते. मृगाचं पाणी पिळ्यात शिरतं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि तेवढ्या टिचभर जागेत रोध वाढून जोड तापू लागतो. तार क्रिंप करून वर हीट श्रिंक चढवली आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळेल इतका सैलावा ठेवला, तर हे दुखणं टळतं. फ्यूज आणि रिले नवी वीज मात्र तयार करत नाहीत. मॅग्नेटोची कमाई ठरलेली असते. खर्च तिच्यावर गेला की बॅटरी उतरणारच. बंद गाडीत 20 मिलिअँपिअर पीत बसलेला मोबाइल चार्जरसुद्धा 4 अँपिअर-अवरची बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी करतो. त्याची लाइन चावीनंतरच घ्यावी.

या सगळ्याचा जादा खर्च फोकसच्या किमतीपुढे फार नाही, वेळ मात्र लागतो. म्हणून फिटिंग करून घेताना उजेड किती पडतो हे मागाहून पाहावं. आधी फोकसचा फ्यूज काढून गाडी सुरू करायला सांगावी. फोकस बंद आणि बाकी सगळं चालू असेल, तरच पैसे द्यावेत.